सासऱ्यांच्या नडगीवरचा पापुद्रा

अंडं फोडलं की आतलं खायचं आणि बाहेरचं टाकायचं, अशी जगाची रीत आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी बाहेरचं जपून ठेवलं जात होतं आणि आतलं कुणाच्या गळ्यात मारावं याची चिंता लागली होती. या सगळ्याला मी जबाबदार आहे असं माझ्या बायकोचं, चिझुरूचं, म्हणणं आहे. मला ते मान्य नाही. मी फक्त एक सूचना लिहिली होती. मुद्देसूद, सभ्य आणि एकही खाडाखोड नसलेली.

मुळात प्रश्न होता पायाचा. पाय माझ्या सासऱ्यांचा. हे सासरे म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हे. तरुणपणी ते टोकियोच्या एका तालमीत सुमो पैलवान होते, ‘हामाकुमा’ या नावाने लढायचे. खालच्या वर्गातून वर कधी सरकले नाहीत, पण अंगाचा घेर आणि आवाजाचा दरारा थेट वरच्या वर्गातला. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. वसंतात सायकलवरून पडले आणि नडगीला जखम झाली. त्यात रक्तात साखर. जखम काही भरेना. गल्लीच्या टोकाला डॉक्टर आहेत, त्यांनी पाय पाहिला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “मोठ्या इस्पितळात न्या. असंच चाललं तर पाय ठेवता यायचा नाही.”

“नडगी फुटली म्हणून मोठ्या इस्पितळात?” बाबा घरी येऊन गरजले. “तालमीत रोज फुटायची! वस्ताद अंडं फोडायचे, टरफलाच्या आतला पापुद्रा ओला ओला चिकटवायचे आणि म्हणायचे, ऊठ. आम्ही उठायचो.”

यात खोटं काही नाही. पैलवानांमध्ये ही रीत जुनी आहे. पण तेव्हा बाबांचं वय विशीचं होतं आणि आता पणतू झालाय. या पणतवाचीच तर खरी अडचण. आमच्या देवळात शरदातल्या जत्रेला तान्ह्या बाळांची कुस्ती असते. पैलवान बाळाला उचलून आखाड्यात उभा राहतो, समोर दुसरा पैलवान दुसरं बाळ घेऊन. जे बाळ आधी रडेल ते जिंकलं. आमच्या मुलीचा मुलगा गेन्ता यंदा त्यात उतरायचा होता, आणि त्याला घेऊन उभं राहायचं होतं हामाकुमाने. बाबांनी हे गेन्ता जन्मायच्या आधीच जाहीर केलं होतं. आता उभं राहायला पाय राहतो की नाही अशी वेळ आली, तरी हा माणूस अंड्यावर अडून बसला.

“अहो, तुम्ही काहीतरी करा,” चिझुरू मला म्हणाली. “ते माझं ऐकत नाहीत.”

“माझं ऐकतात?”

“तुमचंही ऐकत नाहीत. पण तुम्ही रिकामे आहात.”

मी रिकामा नाही, निवृत्त आहे. बस कंपनीत वेळापत्रकं आखण्यात माझी हयात गेली. बस उशिरा आली असेल, वेळापत्रक कधी उशिरा आलं नाही. तर अशा शिस्तीच्या माणसाने विचार केला, की सासऱ्यांना समोरून भिडण्यात अर्थ नाही. वजनाचाच फरक आहे. आधी त्यांच्या अंड्याच्या बाजूने उभं राहावं, विश्वास मिळवावा आणि मग हळूच इस्पितळाचा विषय काढावा. म्हणून पापुद्रे काढायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं.

तुम्ही कधी कच्च्या अंड्याचा पापुद्रा सोडवलाय? सोडवू नका. तो टरफलाला असा धरून बसतो, की नखं झिजतात पण तो सुटत नाही. सुटला तर फाटतो, आणि न फाटता सुटला तर बोटाला चिकटून बसतो. बाबा खुर्चीत पाय पसरून बसायचे आणि मी नेलेला प्रत्येक तुकडा उजेडाकडे धरून पाहायचे.

“जावईबापू, याला भोक आहे.”

“बारीक आहे, बाबा.”

“बारीक भोकातूनच सगळं आत शिरतं. दुसरा आणा.”

शेजारच्या ओत्सुबोबाईंना कुंपणावरून हे सगळं दिसत होतं. त्यांच्याकडे दर गोष्टीवर सल्ला तयार असतो. आधी म्हणाल्या, अंडं उकडा. उकडल्यावर बाबा म्हणाले, शिजलेलं मी खातो, लावत नाही. मग म्हणाल्या, जाडसर टोकाकडून सुरुवात करा, तिथे आत हवा असते. हे बऱ्यापैकी जमलं. शेवटी म्हणाल्या, टरफल व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, टरफल विरघळतं आणि पापुद्रा तेवढा उरतो. हे तर इतकं छान जमलं, की मी दुसऱ्याच दिवशी घरातली सगळी वाडगी व्हिनेगरने भरली. चिझुरूने जेवायला बसताना फक्त एवढंच विचारलं, “आज सूप कशात प्यायचं?”

जखम मोठी होती, पापुद्रे बरेच लागत. सकाळी अंडं, दुपारी अंड्याची गुंडाळी, रात्री भातावर अंडं. आठवड्याभरात अंडं पाहिलं की मी ताट बाजूला सरकवायला लागलो. तेव्हा मला सुचलं, की गल्लीतला प्रत्येक माणूस सकाळी अंडं खातो आणि टरफल फेकतो. मग ती टरफलं आपण का मागू नयेत? आमच्याकडे घरोघर एक पुठ्ठा फिरतो. त्याला सूचना अडकवायची. वाचणाऱ्याने शिक्का मारायचा आणि पुठ्ठा पुढच्या दारी पोचवायचा. मी लिहिलं : ‘घरगुती उपचारासाठी अंड्यांची रिकामी टरफलं हवी आहेत. कृपया आमच्या दारात ठेवावीत. तसदीबद्दल क्षमस्व. निवा.’ यात चूक कुठे आहे ते मला अजूनही कुणी दाखवून द्यावं.

पुठ्ठा फिरला आणि ओत्सुबोबाई दारात. हातात फुलाफुलांच्या रुमालात बांधलेली पेटी. पेटीत अंडी. अख्खी, ताजी, एकावर एक रचलेली.

“अहो, मी टरफलं मागितली होती,” मी म्हणालो.

“टरफलं आहेतच की. आत अंडंही आहे, एवढंच.”

“पण रिकामी...”

“इश्श! शेजाऱ्याच्या दारात कचरा ठेवू? निवासाहेब, लोक काय म्हणतील मला? घ्या, घ्या. काहीच नाही हो हे, अगदीच क्षुल्लक.”

मग सगळी गल्ली आली. कुणी टोपलीतून, कुणी दुकानातून कागदात बांधून, कुणी वर रिबीन लावून. उमेझावा म्हणून आमचे गल्लीचे अध्यक्ष आहेत, त्यांनी तपकिरी अंडी आणली आणि ‘बाबांना आराम पडो’ अशी चिठ्ठी लावली. मी प्रत्येकापुढे कमरेत वाकलो. रिकामं टरफल एकानेही दिलं नाही. सगळ्यांना वाटलं, निवा बिचारे भिडस्त, अंडी मागायची लाज वाटली म्हणून टरफलं म्हणाले. माझ्या स्वच्छ, सरळ वाक्याचा असा मायाळू अर्थ लावला गेला, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.

आता भेट आली की परतभेट आलीच. चिझुरूने पदर खोचला, म्हणजे एप्रन बांधला. अंड्यांच्या गुंडाळ्या, अंड्यांचे केक, अंड्यांची खीर. डबे भरभरून मी दारोदार पोचवले. परत वाकलो. आता डबा कुणी रिकामा परत करतं का? तुम्ही कराल? डबे धुऊन, पुसून, भरून परत आले. निवांकडे अंडी लागतात हे सगळ्यांना ठाऊकच होतं.

चिझुरूने टेबलावरचे डबे मोजले. मग म्हणाली, “अहो, हे थांबणार कसं?”

“कुणीतरी एकाने उद्धटपणा केला तर थांबेल.”

“मग करा.”

मला जमलं नाही. वेळापत्रकाबाहेरची गोष्ट मला कधीच जमत नाही.

मधल्या काळात ओत्सुबोबाईंचं बोट सुरीने कापलं आणि त्या हक्काने पापुद्रा मागायला आल्या. एवढी अंडी दिलेल्या बाईला नाही कसं म्हणणार? मी तुकडा लावून दिला. बोट बरं झालं, जे कसंही झालंच असतं. पण बाईंनी ते घरोघर जाऊन दाखवलं. मग कुणाला फोड आला होता, कुणाला इस्त्रीचा चटका बसला होता, आणि स्वतः ओत्सुबोबाई पुन्हा येऊन कुंपणाआडून हळूच म्हणाल्या, “डोळ्यांखालच्या सुरकुत्यांना चालतो का हो?” मी म्हणालो, मला कल्पना नाही. त्या दोन घेऊन गेल्या.

सगळ्याचा स्फोट कचऱ्यावरून झाला. आमच्याकडे कचऱ्याच्या पिशव्या पारदर्शक असतात, आतलं सगळ्या जगाला दिसावं म्हणून. यंदा कचऱ्यावर देखरेखीची पाळी ओत्सुबोबाईंची होती. मैत्री वेगळी, पाळी वेगळी. त्यांनी आमच्या पिशवीतली अर्धवट विरघळलेली, रबरासारखी लिबलिबीत टरफलं पाहिली आणि त्यांना प्रश्न पडला, की हे जळणाऱ्या कचऱ्यात मोडतं का. त्यांनी नगरपालिकेला फोन केला. नगरपालिकेने विचारलं, एवढी अंडी घरगुती की धंद्याची? बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, घरगुतीच, पण निवासाहेब लोकांवर उपचारही करतात. झालं. फोन आरोग्य खात्याकडे गेला.

आरोग्य खात्यातून हात्सुकानो नावाच्या बाई आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या, अत्यंत नम्र. नम्र अधिकारी आला की समजावं, काम गंभीर आहे. त्यांनी वाडगी पाहिली.

“निवासाहेब, हे काय आहे?”

“पापुद्रे.”

“ते दिसतंय. पण हे कशात धरू? खायचे असतील तर अन्न. जखमेवर लावायचे असतील तर औषध. चेहऱ्याला लावायचे असतील तर प्रसाधन. टाकायचे असतील तर कचरा.”

“आणि घरातच वापरले तर?”

“घरात वापरले तर काहीच नाही. पण तुम्ही ओत्सुबोबाईंच्या बोटाला लावलेत.”

“त्यांनीच मागितला!”

“औषध मागितल्यावरच देतात, साहेब.”

माझ्यासारख्या माणसाला, ज्याने जन्मभर दुसऱ्यांना नियम दाखवले, त्याला स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या वाडग्यांसमोर हे ऐकावं लागलं. आणि सगळ्यात झोंबलं ते हे, की त्यांचं बरोबर होतं.

तेवढ्यात बाबा आतून ओरडले, “कोण आलंय? अंडी आणली असतील तर परत पाठवा!” हात्सुकानोबाई आत गेल्या. नडगी पाहिली आणि त्यांचा आवाज बदलला.

“आजोबा, हा कच्च्या अंड्याचा आहे?”

“मग? पैलवान काय पिकलेलं लावतात?”

“कच्च्या अंड्यावर जंतू असतात. असल्या जखमेत गेले तर... तुम्ही हे किती दिवस लावताय?”

बाबांनी भिंतीकडे पाहिलं. चिझुरू दारात उभी होती. तिने एप्रनचं टोक तोंडाला लावलं आणि आत निघून गेली. सासूबाईंच्या वेळीही तिने असंच केलं होतं, शेवटी शेवटी. मला एकदम कळलं, की मी उन्हाळाभर व्हिनेगरमध्ये हात घालून बसलो आणि ज्यासाठी बसलो तो इस्पितळाचा विषय एकदाही काढला नाही. मला घाबरायला झालं. खरं सांगतो, पहिल्यांदा घाबरायला झालं.

हात्सुकानोबाई निघताना चपला घालता घालता मला म्हणाल्या, “विद्यापीठाच्या इस्पितळात याच पापुद्र्यावर काम चाललंय. निर्जंतुक करून, त्याची पट्टी बनवून, पायाच्या जखमांवर लावून पाहतात. विचारून बघा.”

मी आत धावलो. “बाबा! मोठ्या इस्पितळातले डॉक्टर अंडं लावतात!”

“काय सांगता?” बाबा सरळ होऊन बसले. “मग आधी का नाही बोललात? चला.”

चला म्हणून जाता येत नाही. फोन केला तर कळलं, की गल्लीतल्या डॉक्टरांची शिफारस लागेल, आणि आधी दोन आठवडे जखमेवर घरचं काहीही लावलेलं चालणार नाही. पापुद्रा तर नाहीच नाही.

“म्हणजे अंडं लावून घ्यायला अंडं सोडायचं?” बाबांनी विचारलं.

“असा नियम आहे, बाबा.”

बाबांनी डोळे मिटून विचार केला. “तालमीतही आधी उपाशीपोटी मेहनत आणि मग जेवण. कळलं मला.” आणि दोन आठवडे ते गल्लीतल्या डॉक्टरांकडून मुकाट्याने जखम धुऊन घेत राहिले. गल्लीत मी दुसरा पुठ्ठा फिरवला : ‘बाबांना आराम पडत आहे. सर्वांचे आभार. कृपया आता काहीही आणू नये.’ लोकांनी फळं आणली.

विद्यापीठाच्या इस्पितळात डॉक्टर मियोशी म्हणून तरतरीत बाई होत्या. त्यांनी बाबांना सगळं नीट, सावकाश सांगितलं. आलेल्यांपैकी निम्म्यांना पापुद्र्याची पट्टी लागते, निम्म्यांना नेहमीची. कुणाला कुठली, ते कॉम्प्युटर ठरवतो. रोग्याला सांगत नाहीत. आणि पट्टी कुठलीही असो, साखर काबूत ठेवायची, पाय उंचावर ठेवायचा आणि दर आठवड्याला यायचं.

“म्हणजे मला अंडं लागणार की नाही?” बाबांनी विचारलं.

“लागेलही,” डॉक्टर म्हणाल्या.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. उठून जायच्या बेतात होते. खुर्चीच्या दांड्यांवर दोन्ही हात टेकले होते. चिझुरूने माझी बाही धरली.

“लागणारच, बाबा,” मी म्हणालो. “बघा तुम्ही.”

बाबा बसले.

मग दर आठवड्याला बस, इस्पितळ, बस. मधे एकदा नर्स घरी येऊन पट्टी बदलायची आणि जुनी गुंडाळून आपल्या पिशवीत घालून न्यायची. एकदा ती घाईत विसरली. आमच्या घरचा कचरा मी वेगळा करतो, त्यामुळे ती गुंडाळी माझ्या हाती लागली. उघडून पाहिली. मी उन्हाळाभर पापुद्रे सोडवलेत. पापुद्रा मला अंधारातही ओळखू येईल. हा पापुद्रा नव्हता. साधं, जाळीदार, औषधाच्या दुकानात मिळतं ते कापड होतं. कॉम्प्युटरने माझ्या सासऱ्यांना कापडात घातलं होतं.

मी कुणाला बोललो नाही. चिझुरूलाही नाही. बाबा खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नडगी दाखवत म्हणायचे, “बघा, अंड्याचा गुण,” आणि मी मान हलवायचो. मला रात्री झोपताना वाटायचं, कुणी चुकून सांगितलं तर हा माणूस पट्टी ओढून फेकेल, घरी बसेल आणि पुन्हा वाडगी मांडायला लावेल, आणि मग पाय जाईल. जखम मात्र भरत होती. कडा आत सरकत होत्या. डॉक्टर मियोशी म्हणाल्या, इतक्या शिस्तीने पाय उंच ठेवणारा रोगी त्यांनी पाहिलेला नाही.

जत्रेच्या दिवशी हामाकुमा आखाड्यात उभे राहिले. गेन्ताला दोन्ही हातांनी समोर धरलं. समोरचं बाळ पैलवानाचं तोंड पाहताच किंचाळलं आणि जिंकलं. गेन्ता बाबांकडे पाहून हसला आणि त्यांच्या हातातच झोपी गेला. “हरला,” बाबा खूश होऊन म्हणाले. “माझ्यावर गेलाय.” चिझुरू कुंपणापाशी उभी राहून बिनदिक्कत रडत होती, बाळांत गणती असती तर तीच जिंकली असती.

जखम बंद झाल्यावर डॉक्टरांनी पाय पाण्यात घालायला परवानगी दिली. त्याच दिवशी बाबा म्हणाले, “जावईबापू, चला, न्हाणीघरात जाऊ.” गल्लीमागे सार्वजनिक न्हाणीघर आहे. दुपारची वेळ, आत आम्ही दोघंच. मी बादली भरून घेतली आणि त्यांची पाठ घासायला बसलो. तालमीची पद्धतच आहे : धाकट्याने थोरल्याची पाठ घासायची. थोरला कधी धाकट्याची घासत नाही. लग्न झाल्यापासून मी घासतोय.

“कापड होतं ते,” बाबा अचानक म्हणाले.

माझा हात थांबला. “काय?”

“पट्टी. पहिल्या दिवसापासून. पापुद्रा वाळला की ओढतो, कातडी चिमटीत धरल्यागत. त्या पट्टीने मला एकदाही ओढलं नाही.”

“मग तुम्ही येत का राहिलात? मला तर वाटलं होतं, कळलं तर पट्टी फेकून द्याल.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“हो.”

“वाटलंच. खोटं बोललात की तुमचे कान लाल होतात.” ते नळाकडे तोंड करून बोलत होते. “उन्हाळाभर तुमच्या हातांना व्हिनेगरचा वास येत होता. माझ्या पायापायी तुम्ही दारोदार वाकलात. नोकरीतही इतके वाकला नसाल. नखं गेली तुमची. अशा माणसाने मला सांगितलं, अंडं लागणार. मी त्याला काय सांगू, की कापड लागलंय म्हणून? लागलं असतं जिवाला तुमच्या.”

इतकी वर्षं या माणसाच्या घरचा जावई म्हणून मी त्यांच्यापुढे अंग चोरून वागलो, आणि ते मात्र माझा मान राखण्यासाठी दर आठवड्याला बस पकडून कापड बदलायला जात होते.

बाबांनी माझ्या हातातला पंचा काढून घेतला. पिळला. त्याला साबण लावला.

“वळा,” ते म्हणाले.

“अहो बाबा, नको, तुम्ही कसे...”

“वळा म्हणतो ना.”

मी वळलो. त्यांचा हात इतका जड, की पाठीचं कातडं निघतंय असं वाटलं. मी हूं का चूं केलं नाही. त्यांना हवी तितकी घासू दिली.